अनुताई वाघ : बालसेविकांच्या गुरू

मार्केट यार्डाच्या भिंतीलगत ज्यांची घरे आहेत त्यांना गजराच्या घड्याळाची गरज पडत नाही. पहाटेच्या काळोखातच मालाच्या गाड्या आत येऊ लागतात, हमालांची हाकाहाक सुरू होते आणि वस्तीतल्या बायका चूल उरकून कामावर निघतात. माझी आई कांदा-बटाटा विभागात कांदा निवडते. माझे बालपण त्या पोत्यांच्या आडोशानेच गेले. लेखाचा विषय एका थोर स्त्रीचे चरित्र आहे, परंतु त्या चरित्रापर्यंत मी का पोहोचले हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. म्हणून घरचे थोडेसे सांगते. वाचकांनी राग मानू नये.

माझा धाकटा भाऊ रांगू लागला तेव्हा त्याला पोत्यांमध्ये ठेवणे धोक्याचे झाले. आईने त्याला वस्तीतल्या एका बाईकडे ठेवले. ती पैसे घेऊन आठ-दहा मुले सांभाळीत असे. एके दिवशी शाळा लवकर सुटली म्हणून मी त्याला आणायला गेले, तर त्याच्या पायाला लुगड्याचा काठ बांधलेला होता आणि काठाचे दुसरे टोक खाटेच्या खुराला होते. तो रडत नव्हता. त्याला सवय झाली असावी. मी घरी येऊन खूप आकांत केला. पुढे समज आल्यावर मला कळले की ती बाई दुष्ट नव्हती. एकच खोली, दारातच पेटता स्टोव्ह आणि अंगावर आठ-दहा मुले. मुले भाजू नयेत यासाठी तिला जो एक उपाय ठाऊक होता तो तिने केला. दुसरा काही उपाय असू शकतो हे तिला कोणी शिकवलेच नव्हते.

दुसरी गोष्ट गेल्या वर्षीची. माझी मावशी तेहतीस वर्षांची आहे. चार वर्षांपूर्वी तिचे यजमान वारले. शिक्षण नववीपर्यंत. अंगणवाडीत मदतनीसाची जागा भरायची आहे असे कळल्यावर ती मोठ्या आशेने कागदपत्रे घेऊन गेली आणि तशीच परत आली. आता सेविकेलाच नव्हे तर मदतनीसालाही बारावी उत्तीर्ण असावे लागते. महाराष्ट्रात 2023 सालापासून नव्या भरतीला हा नियम लागू झाला आहे. मावशी दाराशी बसून म्हणाली की मुलांचे नाक पुसायला आणि खिचडी वाढायला बारावी कशाला लागते? मला तिचे म्हणणे अगदी पटले. मी तावातावाने ठरवले की या अन्यायावरच वार्षिकासाठी लेख लिहायचा. त्या लेखासाठी अंगणवाडीची माहिती शोधत मी आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात गेले आणि तिथे मला अनुताई वाघ भेटल्या. तेव्हापासून माझा लेखही बदलला आणि माझे मतही पहिल्याइतके सोपे राहिले नाही.

अनुताईंचा जन्म 17 मार्च 1910 रोजी आपल्याच पुणे जिल्ह्यातील मोरगाव येथे झाला. गणपतीचे मोरगाव म्हणून ते सर्वांना माहीत आहे. त्या काळच्या रीतीप्रमाणे वयाच्या तेराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले आणि सहा महिन्यांच्या आत त्यांना वैधव्य आले. आज आपण हे वाक्य सहज वाचून पुढे जातो. पण तेरा वर्षांची मुलगी म्हणजे आपल्या हिशेबाने सातवी-आठवीतली मुलगी. त्या वयात तिचे सगळे आयुष्य संपले असे समाजाने ठरवून टाकायचे! घरच्या चार भिंती, इतरांच्या मुलांचे करणे, शुभकार्यात तोंड न दाखवणे, एवढेच तिच्यापुढे उरले होते. अनुताईंचे नशीब एवढेच की त्यांच्या शिक्षणाची वाट बंद झाली नाही. 1925 साली त्या व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा उत्तीर्ण झाल्या आणि पुढे पुण्याच्या फीमेल ट्रेनिंग कॉलेजमधून 1929 साली प्राथमिक शिक्षिकेचे प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडल्या. तेव्हा त्यांचे वय होते एकोणीस, म्हणजे आज माझे आहे तेवढेच.

1929 ते 1933 अशी चार वर्षे त्यांनी नाशिक जिल्ह्यातील चांदवड येथे शिक्षिका म्हणून नोकरी केली. त्यानंतर त्या पुण्याला आल्या आणि हुजूरपागेत शिकवू लागल्या. लक्ष्मी रस्त्यावरची ही मुलींची जुनी शाळा 1884 सालची. आमच्या वस्तीतून तिथे जायला बसने फार वेळ लागत नाही. मी त्या रस्त्याने पुष्कळदा गेले आहे, पण त्या दगडी भिंतीआड अनुताईंनी दहा-अकरा वर्षे मुलींना शिकवले हे मला माहीत नव्हते. दिवसा त्या शिकवीत आणि रात्री स्वतः शिकत. कारण शिक्षिका झाल्या तरी त्या मॅट्रिक नव्हत्या. रात्रशाळेत जाऊन 1937 साली त्या मॅट्रिक झाल्या. तेव्हा त्या सत्तावीस वर्षांच्या होत्या.

एकट्या स्त्रीला यापेक्षा अधिक काय हवे? नावाजलेल्या शाळेत नोकरी, पुण्यासारखे शहर, स्वतःच्या कमाईची भाकरी. कोणीही म्हणेल की आता स्वस्थ बसावे. परंतु 1945 साली बोरिवली येथे कस्तुरबा ट्रस्टच्या वतीने ग्रामसेविकांचे शिबिर भरले, त्या शिबिराला अनुताई गेल्या आणि तिथे त्यांची गाठ ताराबाई मोडकांशी पडली. या भेटीने त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली.

ताराबाईंविषयी इथे थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण गुरू समजल्याशिवाय शिष्य समजत नाही. ताराबाईंचा जन्म 1892 सालचा. त्या 1914 साली मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पुढे 1923 साली त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याकडे गेल्या. गिजुभाई मूळचे वकील. वकिली सोडून त्यांनी 1920 साली दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर काढले होते. इटलीच्या मारिया मॉन्टेसरी बाईंनी लहान मुलांच्या शिक्षणाची जी पद्धत शोधली ती आपल्या मातीत कशी रुजवायची, याचा विचार हे दोघे करीत होते. मूल म्हणजे रिकामे मडके नव्हे. त्याला हात आहेत, डोळे आहेत, स्वतःची इच्छा आहे. त्याला भीती न घालता काम करू दिले तर ते आपोआप शिकते, असा त्या पद्धतीचा गाभा. 1926 साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. 1936 साली ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार काढले. मुलांची शाळा काढली की शिकवणाऱ्यांची शाळाही काढावी लागते, हे त्यांनी आरंभापासून ओळखले होते. म्हणून शिशुविहारात मराठीतून बालशिक्षिका तयार करण्याचे कामही सुरू झाले.

पण दादरच्या शाळेत येणारी मुले मध्यम वर्गाची होती. खेड्यातल्या आणि गरिबाच्या मुलाला हे शिक्षण कधी मिळणार? मॉन्टेसरी पद्धतीची लाकडी साधने महाग असतात. खेड्यात ती कोण घेणार? हा प्रश्न घेऊन ताराबाई 1945 साली ठाणे जिल्ह्याच्या समुद्रकाठी बोर्डी या गावी गेल्या. तेव्हा त्यांची पन्नाशी उलटली होती. तिथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले. अनुताईंनी हुजूरपागेची नोकरी सोडली आणि त्याही बोर्डीला गेल्या. त्या पस्तीस वर्षांच्या होत्या. मोठमोठ्या मुलींना शिकवण्यात त्यांचा हातखंडा होता, पण अडीच-तीन वर्षांच्या मुलांसमोर तो काय कामाचा? त्यांना पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागले. सोळा वर्षे शिक्षिकेचे काम केलेली बाई पुन्हा शिकाऊ होते, यात मला फार मोठी गोष्ट दिसते.

बोर्डीला बालवाडी सुरू झाली. गावातली मुले येऊ लागली. पण दलित वस्तीतली आणि मजुरांची मुले येईनात. दुसरी कोणी असती तर या लोकांना शिक्षणाची किंमतच नाही असे म्हणून मोकळी झाली असती. आपल्या शहरातही असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. पण या दोघींनी ती मुले का येत नाहीत याचा शोध घेतला. आया पहाटेच कामावर जातात, मुलांना आंघोळ घालून, कपडे घालून पोहोचवणार कोण? मोठी बहीण धाकट्याला कडेवर घेऊन बसलेली. शिवाय अंगावरचे फाटके कपडे आणि इतरांच्या नजरा. मुले बालवाडीत येत नाहीत तर बालवाडीने मुलांकडे जावे, असे त्यांनी ठरवले. वस्तीतल्याच एखाद्या घराचे अंगण झाडायचे, सारवायचे, तिथेच मुलांना गोळा करायचे, तिथेच हातपाय धुवायचे, केस विंचरायचे, तिथेच गाणी, गोष्टी आणि खेळ. अंगणात भरते म्हणून ती अंगणवाडी. आज साऱ्या देशाला माहीत असलेला हा शब्द असा बोर्डीच्या मातीतून वर आला.

अंगणात महाग साधने कुठून येणार? मग समुद्रकाठचे शंख-शिंपले, चिंचोके, बिया, पाने, खडे, माती हीच साधने झाली. लहान-मोठे लावणे, रंग ओळखणे, मोजणे हे सारे त्यातून शिकवता येते. मला वाटते, बालसेविकांच्या प्रशिक्षणाचा खरा पाया इथेच घातला गेला. कारण पेटीत बंद केलेली साधने वापरायला शिकवणे सोपे आहे. भोवताली जे आहे त्यातून मुलासाठी काय करता येईल हे पाहणारी नजर सेविकेला देणे अवघड आहे. ताराबाई आणि अनुताई यांनी तेच अवघड काम पत्करले.

काही वर्षांनी, 1957 च्या सुमारास, हे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. हा भाग आज पालघर जिल्ह्यात आहे. इथली वस्ती वारली आदिवासींची. दारिद्र्य पराकोटीचे, शाळा म्हणजे परक्यांची जागा. इथे आणखी एक अडचण उभी राहिली. शाळेत जाण्याच्या वयाच्या मुली घरी धाकटी भावंडे सांभाळीत आणि मुलगे गुरे राखीत. मग कोसबाडला पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली गेली. मोठ्या बहिणीने धाकट्याला बरोबर घेऊन यायचे, त्याला पाळणाघरात किंवा बालवाडीत सोडायचे आणि स्वतः वर्गात जाऊन बसायचे. या योजनेला विकासवाडी असे नाव होते. गुराख्यांसाठी शिक्षक कुरणात जाऊ लागला, ती कुरणशाळा. दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्रीची शाळा. हे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर आमचे यार्ड उभे राहिले. मीसुद्धा भावाला सांभाळण्यासाठी चौथीत असताना कित्येक दिवस शाळा बुडवली होती. आमच्या पोत्यांच्या शेजारी एखादी विकासवाडी असती तर, असे मनात आल्यावाचून राहिले नाही.

आता मावशीच्या प्रश्नाकडे येते. मुले सांभाळायला शिक्षण कशाला? अनुताईंच्या सगळ्या कामाने या प्रश्नाला उत्तर दिलेले आहे. कोसबाडला बालसेविकांचे प्रशिक्षण हे कामाचे एक मुख्य अंग होते. त्यांनी 'बालवाडी कशी चालवावी' यासारखी पुस्तके सेविकांच्या हाती दिली आणि 'शिक्षण पत्रिका' या मासिकाचे संपादन केले. आईला आपल्या मुलाचे प्रेम असते, म्हणून ती त्याचे करते. सेविकेला वीस-पंचवीस परक्या मुलांचे करायचे असते. तिथे नुसते प्रेम पुरत नाही. तीन वर्षांचे मूल किती वेळ एका जागी बसू शकते, ते चावते किंवा मारते तेव्हा त्याला काय सांगायचे असते, कोणते मूल आजारी आहे आणि कोणते उपाशी आहे, हे पाहून ओळखावे लागते. न मारता, न धमकावता आणि खाटेला न बांधता मुलांना कामात गुंतवता आले पाहिजे. ही एक विद्या आहे आणि ती शिकावीच लागते. भावाच्या पायाचा तो काठ मला आठवला आणि मावशीचे म्हणणे मला पूर्वीसारखे पटेना.

पण याच चरित्रात दुसरेही उत्तर आहे. कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर बारावी झालेल्या मुली त्या काळी कुठून मिळणार होत्या? पाड्याची भाषा जाणणारी, तिथल्या आयांचा विश्वास असलेली स्थानिक बाई शोधायची आणि तिला घडवायचे, हाच मार्ग होता. आधी माणूस निवडायचे आणि मग त्याला शिकवायचे, असा तो क्रम होता. शाळेचे प्रमाणपत्र आणि कामाचे प्रशिक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बारावी झालेल्या मुलीला मूल सांभाळता येतेच असे नाही, आणि नववी झालेल्या बाईला ते शिकवता येणारच नाही असेही नाही.

अर्थात अनुताईंनी शाळा-कॉलेजच्या शिक्षणाला कमी लेखले असे कोणी समजू नये. कोसबाडच्या कामाचा एवढा व्याप सांभाळत त्यांनी पदवीचा अभ्यास केला आणि 1961 साली त्या बी. ए. झाल्या. वय एक्कावन्न! मी ज्या वर्गात बसते त्या वर्गाचा अभ्यास त्यांनी पन्नाशीत केला. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. परीक्षा जवळ आली की घर लहान आहे, आवाज फार आहे, अशा माझ्या तक्रारी सुरू होतात. हे वाचल्यापासून त्या तक्रारी तोंडातून निघताना मला लाज वाटते.

1973 साली ताराबाई वारल्या. अनुताई तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या होत्या. इतर लोक ज्या वयात निवृत्त होतात त्या वयात त्यांच्यावर सगळी जबाबदारी आली आणि ती त्यांनी पेलली. पुढे दोन वर्षांनी, 2 ऑक्टोबर 1975 रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. आरंभी देशात 33 प्रकल्प होते. जन्मापासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि शाळेपूर्वीचे शिक्षण एकाच ठिकाणी मिळावे, एक सेविका आणि एक मदतनीस असावी, अशी ही योजना. तिच्या केंद्राला नाव दिले गेले अंगणवाडी. बोर्डीच्या त्या झाडलेल्या अंगणाचे नाव असे देशभर गेले. अनुताईंनी 1982 साली प्राध्यापक रमेश पानसे यांच्यासह ग्राममंगल ही संस्था स्थापन केली. 1984 साली त्यांना पद्मश्री मिळाली. 27 सप्टेंबर 1992 रोजी त्यांचे निधन झाले. 'कोसबाडच्या टेकडीवरून' हे त्यांचे आत्मकथन आपल्या ग्रंथालयात आहे. ते सर्वांनी, विशेषतः ज्यांना पुढे शिक्षक व्हायचे आहे त्यांनी, अवश्य वाचावे.

आज सेविकांच्या प्रशिक्षणाची चर्चा पुन्हा सुरू झाली आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात बारावी किंवा त्याहून अधिक शिकलेल्या सेविकांना सहा महिन्यांचा आणि त्याहून कमी शिकलेल्यांना एक वर्षाचा अभ्यासक्रम सुचवलेला आहे. हा विचार मला अनुताईंच्या विचाराजवळचा वाटतो, कारण त्यात कमी शिकलेल्या बाईला दूर लोटलेले नाही, तिला अधिक वेळ दिलेला आहे. 2023 साली केंद्राने सेविकांसाठी 'पोषण भी पढाई भी' हा कार्यक्रमही काढला. मात्र भरतीच्या दारातच बारावीची अट उभी राहिली तर माझ्या मावशीसारख्या बायका त्या अभ्यासक्रमापर्यंत पोहोचणार कशा, हा प्रश्न उरतोच. शिकलेल्या सेविका हव्यात, यात शंका नाही. पण ज्यांना शिकण्याची संधी वेळेवर मिळाली नाही त्यांच्यासाठी एक पायरी ठेवावी, एवढेच माझे नम्र म्हणणे आहे.

ती पायरी कोणी बांधेपर्यंत वाट पाहायची नाही, असे आम्ही ठरवले आहे. विधवा उमेदवाराला वयाची मर्यादा चाळीस वर्षांची आहे. मी मावशीपुढे हिशेब मांडला. यंदा दहावीचा सतरा नंबरचा फॉर्म भरला तर चौतिसाव्या वर्षी दहावी होईल आणि मध्ये खंड पडला नाही तर छत्तिसाव्या वर्षापर्यंत बारावी. हाती चार वर्षे उरतात. मावशी आधी हसली. मग मी तिला अनुताईंची हकीकत सांगितली. तेरा वर्षांची विधवा, सत्तावीसची मॅट्रिक आणि एक्कावन्नची बी. ए. ती बराच वेळ काही बोलली नाही. नंतर तिने विचारले की गणित सोडून सगळे जमेल, पण गणिताचे काय करायचे?

शनिवारी यार्डाचा भाजी-कांद्याचा बाजार बंद असतो. त्या दिवशी आमच्या घरी आता गणिताची शिकवणी चालते. मावशी कांद्याच्या वजनावरून आणि पट्टीवरून टक्केवारी शिकते आहे. पाटी मात्र माझ्या भावाची आहे, आणि चुकले की तोच तिला रागावतो.